घरात उतरलेले पत्र कोणाचे?

‘खाते गेले, म्हणजे पत्रे गेली’ हे वाक्य अलीकडे इतक्या सहजपणे बोलले जाते, की ते खोटे आहे असे म्हणणारा माणूसच वेडा ठरावा. संगणक दुरुस्त करणारा पोरगा ते बोलतो, कचेरीतला साहेब ते बोलतो, बँकेत नोकरीला असलेला घरचा शहाणा जावईही तेच बोलतो. आणि ज्याची पत्रे अडकली तो बिचारा मान डोलावून गप्प बसतो. मी दहावीपलीकडे शिकलेला नाही. चित्रकलेची पदविका घेऊन शाळेत लागलो, मुलांना रेघ सरळ ओढायला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. परंतु पत्र म्हणजे काय, ते कोणाचे असते आणि ते जपावे का, यावर बोलण्याचा अधिकार लिहिणाऱ्या माणसाला नसेल तर तो कोणाला असणार? म्हणून ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा हातात घेऊन बसलेल्या वाचकांपुढे मी हे भांडण मांडतो आहे. ते वाक्य अर्धे खोटे आहे. आणि उरलेले अर्धे जे खरे आहे, ते कोणीतरी तसे करून ठेवले आहे म्हणून खरे आहे!

आधी व्यवहार काय असतो तो पाहू. आपण ज्याला ई-मेलचे खाते म्हणतो ती टपालकचेरीतली एक पेटी आहे. तिला परवलीच्या शब्दाचे कुलूप असते. पण पेटीचे मालक आपण नव्हे, कंपनी किंवा संस्था. १९८४ साली ‘पॉप’ नावाची पद्धत आली. पेटीतली पत्रे घरी उतरवून घ्यायची आणि पेटी रिकामी करायची, असा तिचा सरळ हिशेब. दोनच वर्षांनी, १९८६ साली, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ‘आयमॅप’ काढली. हिच्यात मूळ पत्र पेटीतच राहते आणि घरी येते ती नक्कल. घर, कचेरी आणि मोबाइल, तिन्हीकडे पेटी सारखीच दिसावी म्हणून केलेली ही सोय आहे, आणि सोय चांगली आहे. मीही ती वापरतो. पण नक्कल का होईना, ती आपल्या घरात, आपण दाम मोजून आणलेल्या डिस्कवर उतरलेली असते. टपालकचेरीने पेटीचे कुलूप बदलले म्हणून आपल्या कपाटातली नक्कल उडून कशी जाईल? जात नाही. ती जिथल्या तिथे असते. फरक पडतो तो एवढाच, की तिच्यावर कोणी तिसऱ्यानेच कुलूप घालून ठेवले आहे की काय, हे त्या दिवशी प्रथम कळते.

माझे थोरले मावसभाऊ एका तालुक्याच्या गावी एका शिक्षणसंस्थेत ग्रंथपाल होते. संस्थेचे नाव घेत नाही. हेच नाटक सगळीकडे चालू आहे, मग एकटीलाच का धरावे? दादांना जात्यावरच्या ओव्यांचा नाद. संस्थेने दिलेल्या खात्यावरून त्यांनी अकरा वर्षे गावोगावच्या शिक्षकांशी, शिक्षिकांशी, शहरात राहायला गेलेल्या लेकीसुनांशी पत्रव्यवहार केला. कोणी आजीच्या तोंडून ऐकून चार ओव्या टिपून पाठवी, कोणी शब्दाचा अर्थ कळवी, कोणी सांगे की आमच्याकडे ही ओवी अशी नाही, तशी म्हणतात. त्या आज्यांपैकी बऱ्याच जणी आता या जगात नाहीत. निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी दादांना शाल आणि श्रीफळ मिळाले, आणि रात्री बारा वाजता खाते बंद झाले. सूचना नाही, मुदत नाही. कचेरीतल्या खुर्चीवर नवा माणूस बसतो तशी ही गोष्ट असावी, असे संस्थेला वाटले असेल.

घरच्या संगणकावर मात्र पत्रांची नक्कल होती. दुरुस्तीवाला पोरगा येऊन बसला होता आणि म्हणत होता, “काका, अकाउंट काढून परत टाकू. नाहीच जमलं तर फॉरमॅट मारू.” सुदैवाने दादांनी मला फोन केला आणि मी आमच्या शाळेतल्या संगणकाच्या बाईंना विचारले. बाईंनी जे सांगितले तेच मी दादांना सांगितले: “दादा, त्याला हात लावू देऊ नका. इंटरनेटची वायर काढा.”

“अरे, पण ते पासवर्ड मागतंय.”

“मागू दे. रद्द करा. खातं काढू मात्र नका.”

रविवारी बाई स्वतः आल्या. त्यांनी आधी सगळा कप्पाच्या कप्पा एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला, नक्कलेचीही नक्कल करून ठेवली, आणि मग प्रोग्राम इंटरनेटशिवाय उघडला. पत्रे दिसू लागली. दादांचा चेहरा असा खुलला की काय सांगावे! ते एकेक पत्र खाली सरकवत गेले, नावे वाचत गेले. आणि तीन वर्षांमागे आल्यावर यादी एकदम थांबली. खाली एक ओळ होती: आणखी पत्रे सर्व्हरवर आहेत, पाहण्यासाठी येथे दाबा. दादांनी दाबले. पुन्हा दाबले.

अकरापैकी तीन वर्षे घरात उतरली होती. आठ वर्षे पेटीतच राहिली होती, कारण घरी किती काळाची पत्रे ठेवायची याचा एक काटा प्रोग्रामच्या पोटात असतो आणि तो तीन वर्षांवर होता. हा काटा आहे हे दादांना कोणी कधी सांगितले नव्हते. संस्थेला आम्ही अर्ज केला. उत्तर दोन ओळींचे आले. धोरणानुसार माजी कर्मचाऱ्यांची खाती नष्ट केली जातात.

आता माझा प्रश्न असा आहे, की हे धोरण ठरवणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी पत्र जपले होते काय? संस्थेचे कामकाजाचे कागद संस्थेचे, हे मला मान्य आहे. हजेरीपट, खरेदीचे हिशेब, साहेबांचे हुकूम यांतला एक चिठोराही दादांनी घरी नेऊ नये. परंतु मोहोळच्या एखाद्या म्हातारीची ओवी ही संस्थेची मालमत्ता केव्हापासून झाली? साधा भाडेकरूसुद्धा घर सोडतो तेव्हा त्याला भांडीकुंडी उचलायला महिनाभर मिळतो. इथे पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला महिनाभराची मुदत देऊन ‘आपली पत्रे उतरवून घ्या’ एवढे सांगायला काय अडचण होती? अडचण कसलीच नव्हती. सांगावे असे कोणाला वाटले नाही, इतकेच.

हे झाले संस्थांचे. प्रोग्राम करणाऱ्या कंपन्यांकडे वळलो की भांडण जास्त रंगते.

पत्रे ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक मोकळी, एक बांधलेली. मोकळीचा नमुना पाहायचा तर ‘थंडरबर्ड’ पाहावा. २००४ सालच्या डिसेंबरात त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तो फुकट मिळतो. पत्रे तो ‘एमबॉक्स’ नावाच्या जुन्या पद्धतीने ठेवतो. एका कप्प्यातली सगळी पत्रे एकाच लांबलचक फाईलमध्ये, एकाखाली एक. प्रत्येक नव्या पत्राच्या डोक्यावर ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी ओळ. तारेत ओवलेल्या पोस्टकार्डांची आठवण व्हावी असे ते दप्तर असते. या फाईलच्या नावाला शेपूट नसते. तिच्याच नावाची ‘एमएसएफ’ शेपटाची छोटी फाईल शेजारी दिसते ती नुसती अनुक्रमणिका. ती हरवली तरी प्रोग्राम नवी तयार करून घेतो. खाते बंद असो की परवलीचा शब्द विसरलेला असो, थंडरबर्ड शब्द मागतो, तुम्ही ‘रद्द’ म्हटले की गप्प बसतो आणि घरात असेल ते वाचू देतो. तिथून पत्रे ओढून ‘लोकल फोल्डर्स’ या कप्प्यात टाकली, की त्यांचा आणि पेटीचा संबंध तुटला. तीच फाईल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. मराठी पत्र मात्र तिथे इंग्रजी अक्षरांचा नुसता काला होऊन दिसते. घाबरू नये, वाटेत मोडू नये म्हणून ते तसे गुंडाळलेले असते, पत्रांच्या कोणत्याही प्रोग्रामात ते नीट उलगडते. (जोडलेले हस्तलिखित श्रीलिपीत असेल तर तो टंक शोधत फिरावे लागेल. पण तो संसार वेगळा, त्यावर पुढच्या दिवाळीत.)

बांधलेल्या तऱ्हेचा नमुना म्हणजे कचेऱ्यांतून सर्वत्र दिसणारे ‘आउटलुक’. त्याच्याकडे दोन प्रकारची दप्तरे असतात. ‘पीएसटी’ हे स्वतंत्र दप्तर. ते उचलून दुसऱ्या संगणकावर नेले तरी तिथल्या आउटलुकमध्ये उघडते. ‘ओएसटी’ ही मात्र खात्याशी जखडलेली नक्कल. ती दुसरीकडे नेऊन उघडता येत नाही, आयातही करता येत नाही, असे कंपनी स्वतःच सांगते. जुनी मांडणी शाबूत असेल तोवरच ती इंटरनेटशिवाय उघडावी आणि आतली पत्रे निर्यात करून पीएसटीत भरून घ्यावी, एवढाच राजमार्ग. आणि ‘अकाउंट काढून परत टाकू’ म्हणणारा पोरगा काय करतो? खाते काढताना ‘घरातली नक्कलही पुसली जाईल’ अशी सूचना पडद्यावर येते, ती तो वाचत नाही आणि ‘होय’ म्हणतो. एका टिचकीत सारा संसार उडाला!

या जखडण्याला सुरक्षिततेचे नाव देणाऱ्यांचे मला हसू येते. पीएसटीची आतली रचना मायक्रोसॉफ्टने २०१० साली स्वतःच जाहीर करून टाकली. ओएसटीचे पोट त्याच जातीचे. ‘लिबपीएफएफ’सारखी फुकट अवजारे दोन्ही वाचतात. शिवाय ‘ओएसटीचे पीएसटी करून देतो’ म्हणणाऱ्यांचा एक बाजारच इंटरनेटवर भरला आहे: नमुन्यादाखल प्रत्येक कप्प्यातली चार पत्रे दाखवायची आणि उरलेल्यांसाठी पैसे मागायचे. चोराला जे कुलूप अडवत नाही आणि मालकाला मात्र अडवते, त्याला सुरक्षितता म्हणावयाचे काय? माझ्याच नावाने आलेली पत्रे मला विकत घ्यायला लावणारा हा व्यापार ज्या कुलपावर जगतो, ते कुलूप काढून टाकणे हे कंपनीच्या अभियंत्यांना अशक्य आहे यावर माझा विश्वास नाही. आणि या बाजारात जे कोणी म्हणतात की फाईल आमच्याकडे पाठवा, आम्ही उघडून देतो, त्यांच्याकडे ती बिलकूल पाठवू नये. घरातली सगळी पत्रे अनोळखी माणसाच्या हाती देणे होय ते.

न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे, की विंडोजमधला ‘मेल’ नावाचा जुना प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद केला, तेव्हा पत्रे येणे-जाणे थांबले तरी घरात असलेली पत्रे निर्यात करून घेण्याचे दार उघडे ठेवले होते. मनात आणले तर जमते, असा याचा अर्थ.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात? पत्रे आता आकाशात असतात, ती घरात ठेवतो कोण? या आकाशवाल्यांना मी विचारतो, की आकाश कोणाच्या सातबाऱ्यावर आहे? गुगलने २०२३ सालच्या मे महिन्यात जाहीर केले, की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आत असेल त्यासकट पुसली जातील. आणि डिसेंबरापासून अंमल सुरू झाला. वडील आजारी पडले, मोबाइलचा नंबर बंद झाला, तो नंबर दुसऱ्याला मिळाला, आणि परवलीचा शब्द बदलण्यासाठी येणारा आकडा त्या दुसऱ्याच्याच खिशात वाजू लागला. हे आज कोणत्या घरात घडत नाही? आणि ज्यांना वाटते की मोबाइलमध्ये आमची सगळी पत्रे आहेत, त्यांनी एकदा विमानात बसल्यासारखा मोबाइल करून पाहावा. जीमेलचा प्रोग्राम फोनवर मुळात महिनाभराचीच पत्रे उतरवून ठेवतो. बाकीचा सगळा देखावा वाऱ्यावरचा.

आपल्या माणसांना हे सांगावे लागते याचेच मला नवल वाटते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. पुढे तिचे बावीस खंड झाले. ती पत्रे त्यांना कोठे मिळाली? गावोगावच्या घरांत, माळ्यांवर, पेटाऱ्यांत, रुमालात बांधलेली. पत्र पोचवून जासूद निघून गेला की पत्रावरचा त्याचा हक्क संपला. सरदाराची मनसब गेली म्हणून जासूद परत आला आणि ‘आता रुमाल सोडायचा नाही’ म्हणाला, असे घडले असते तर राजवाड्यांच्या हाती रिकामे पेटारे आले असते. आज आपण जासुदालाच रुमालाचा मालक करून बसलो आहोत.

इंग्लंडात या प्रश्नाचा निकाल १७४१ सालीच लागला आहे. पोप या कवीची पत्रे कर्ल नावाच्या पुस्तकविक्याने छापली, पोपने दावा लावला, आणि न्यायाधीशांनी सांगितले, की पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, पण त्यातले शब्द लिहिणाऱ्याचेच राहतात. ते छापण्याचा हक्क दुसऱ्याला नाही. किती सुटसुटीत वाटणी आहे ही! यात कागद माझा आहे, शब्द तुमचे आहेत, आणि टपालवाल्याच्या वाट्याला काहीच नाही.

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. मेलेल्या माणसाची पत्रे घरच्यांनी उघडावी काय? त्यात त्याने कोणाला विश्वासाने काही लिहिले असेल, दुसऱ्याने त्याला लिहिले असेल. जर्मनीत पंधरा वर्षांच्या एका मुलीचा २०१२ साली भुयारी रेल्वेखाली मृत्यू झाला. तिचे फेसबुकचे खाते उघडायला आईबापांना कोर्टात झगडावे लागले. अखेर १२ जुलै २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला, की रोजनिशी आणि खासगी पत्रे जशी वारसांकडे जातात तसेच खातेही जाते. मला हा निकाल पटतो. ट्रंकेतली पत्रे वाचावी, जाळावी की पुन्हा बांधून ठेवावी, हा निर्णय आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसे करीत आली आहेत आणि बहुतेक वेळा त्यांनी तो शहाणपणाने केला आहे. कंपनीच्या यंत्राने तो करावा यापेक्षा सुनेने केलेला मला केव्हाही चालेल. ज्याला आपली पत्रे कोणी पाहू नयेत असे वाटते त्याने जिवंतपणी ती खुशाल पुसावी. तो त्याचा अधिकार आहे.

आपल्या देशाचे काय? न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ साली जो मसुदा दिला त्यात, आणि २०१९ सालच्या विधेयकातही, आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकाला दिलेला होता. युरोपात तो हक्क २०१८ सालच्या मे महिन्यापासून लागू आहे. आपल्याकडचे विधेयक २०२२ साली मागे घेतले गेले, आणि २०२३ साली संसदेने जो कायदा केला त्यातून हा हक्क नाहीसा झाला. माणूस वारल्यावर किंवा अपंग झाल्यावर त्याच्या वतीने हक्क बजावणारा नामनिर्देशित इसम नेमता येईल, हे चौदावे कलम त्यात आहे, ते चांगलेच आहे. पण नामनिर्देशिताच्या हाती देणार काय? रिकामी किल्ली? जिवंत माणसालाच जिथे आपले दप्तर उचलून नेता येत नाही, तिथे त्याच्या वारसाने ते कसे न्यावे? वगळलेले कलम परत घाला, एवढेच माझे पहिले मागणे आहे. दुसरे असे, की या देशात विकल्या वा वाटल्या जाणाऱ्या पत्रांच्या प्रत्येक प्रोग्रामने, घरात उतरलेली पत्रे खात्याशिवाय उघडून दाखवलीच पाहिजेत. तिसरे, कर्मचाऱ्याचे किंवा विद्यार्थ्याचे खाते तीस दिवसांची सूचना दिल्याशिवाय कोणत्याही संस्थेला बंद करता येऊ नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर दिवाळीची साफसफाई चालूच आहे आणि माळ्यावरचे जुने संगणक भंगारवाल्याच्या गाडीवर चढत आहेत. त्याला देण्यापूर्वी आतली डिस्क काढून घ्या. ती तळहाताएवढी असते आणि वायर लावून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. तिच्यात नवऱ्याच्या, वडिलांच्या, परदेशी गेलेल्या मुलाच्या पत्रांचे एखादे विनाशेपटीचे दप्तर पडलेले असेल. ज्यांची खाती चालू आहेत त्यांनी गुगलच्या ‘टेकआउट’मधून सगळी पत्रे एमबॉक्सच्या रूपात मागवून घ्यावी, एकदा दसऱ्याला, शस्त्रपूजेच्या वेळी, हे करायचे असे आमच्या घरी ठरून गेले आहे. आणि ज्यांच्या कचेरीत असला काटा आहे त्यांनी आजच तो शेवटपर्यंत सरकवून ‘सर्व’वर आणावा. निवृत्तीच्या दिवसाची वाट पाहू नये, त्या दिवशी हार घालणाऱ्यांची गर्दी असते.

दादा आता आठ वर्षांच्या ओव्या उलट्या बाजूने गोळा करीत आहेत. ज्यांनी पाठवल्या त्यांनाच ते लिहितात, की तुमच्याकडे पाठवलेल्या पत्रांचा कप्पा असतो, त्यात पाहा. काहींकडे मिळतात. एका बाईंनी घरच्या संगणकातून चाळीस पत्रे काढून दिली. दोघातिघांची खातीही दरम्यान बंद पडली आहेत.

वरच्या तिन्ही मागण्या लिहून आमच्या खासदारांना मी ऑगस्ट महिन्यात पाठवल्या आहेत. ई-मेलने नव्हे, कागदावर, रजिस्टर टपालाने. पोच माझ्याजवळ आहे, उत्तर अद्याप आलेले नाही.